पडद्यावर आलेले वाघ-सिंह

सिंह चोवीस तासांतले अठरा-वीस तास झोपून किंवा नुसता पडून काढतो. वाघीण दबा धरून बसते, झेप घेते आणि बहुतेक वेळा सावज निसटते. बिबट्या अंधार पडल्यावर हिंडायला लागतो. हिमबिबट्या तर त्याच डोंगरात जन्म काढलेल्या मेंढपाळांनाही क्वचितच दिसतो. माहितीपटात मात्र हेच प्राणी सतत काहीतरी करत असतात. धावतात, भांडतात, पिलांना चाटतात, नदी ओलांडतात. ही नव्वद मिनिटे दोन-तीन वर्षांच्या चित्रीकरणातून वेचून काढलेली असतात. आजीपासून नातवापर्यंत घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा म्हणून असा माहितीपट तयार होतो, तेव्हा हे वेचण्याचे काम आणखी कठीण होते. ज्यांचे पोट दुसऱ्याचा जीव घेतल्यावरच भरते अशा प्राण्यांची गोष्ट सहा वर्षांच्या मुलासमोर सांगायची असते, आणि ती खोटी न करता सांगायची असते.

मार्जारकुळातले मोठे प्राणी म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने पँथेरा गणातले पाच: वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या. चित्ता आणि पुमा या गणात बसत नाहीत. चित्त्याला डरकाळी फोडताच येत नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो आणि पिलांना बोलावताना पक्ष्यासारखा चिवचिवतो. तरी चित्रपटकारांनी या दोघांना कधी दूर ठेवले नाही. याचे कारण त्यांच्या कथेत आहे. सिंहिणी सोडल्या तर या कुळातली प्रत्येक मादी पिले एकटीने वाढवते. तिला शिकार करावी लागते, त्या वेळी पिले मागे उघड्यावर राहतात, आणि परत येईपर्यंत ती सुरक्षित असतील याची खात्री नसते. एवढ्या एका गोष्टीत चिंता, आशा आणि माया सगळे आले. ते मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

या प्राण्यांवर कॅमेरा रोखण्याचा इतिहास मात्र फसवणुकीपासून सुरू होतो. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. तेव्हा शिकागोतल्या विल्यम सेलिग या निर्मात्याने त्यांची नक्कल करणारा नट उभा केला, स्टुडिओतच आफ्रिका सजवली, एक म्हातारा सिंह विकत आणला आणि कॅमेऱ्यासमोर त्याला गोळी घातली. ती फिल्म जोरात चालली. ब्रिटिश छायाचित्रकार चेरी किअर्टन यांनी प्रत्यक्ष आफ्रिकेत रूझवेल्ट यांचे चित्रीकरण केले होते, पण त्यांच्या फिल्मला तसे यश मिळाले नाही. तिच्यात सेलिगच्या फिल्मसारखा थरार नव्हता. प्रेक्षकाला थरार हवा असतो आणि रान तो मागेल तेव्हा देत नाही. वन्यजीवपटांच्या पुढच्या शंभर वर्षांतली जवळजवळ प्रत्येक लबाडी याच अडचणीतून जन्मली आहे.

भारतात याच्या अगदी उलट वाटेने एक माणूस गेला. फ्रेडरिक चॅम्पियन हे वन खात्यातले अधिकारी. त्यांनी १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलात पायवाटांवर तारा लावून ठेवल्या. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटायचा आणि कॅमेऱ्याची कळ आपोआप दाबली जायची. अशी मिळालेली वाघांची छायाचित्रे १९२७ मध्ये त्यांच्या पुस्तकातून प्रसिद्ध झाली. शिकारीनंतर मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढण्याचा तो काळ होता. त्या काळात चॅम्पियन यांनी जिवंत, स्वतःच्या वाटेने चाललेला वाघ लोकांना दाखवला. आज व्याघ्रगणनेसाठी झाडाला बांधले जाणारे कॅमेरा ट्रॅप हे याच युक्तीचे पुढचे रूप आहे.

कुटुंबासाठी वन्यजीवपट हा प्रकार रुजवला तो वॉल्ट डिस्ने यांनी. १९४८ ते १९६० या काळात त्यांच्या कंपनीने 'ट्रू-लाइफ अ‍ॅडव्हेंचर्स' ही मालिका काढली. तिच्यातला 'द आफ्रिकन लायन' हा चित्रपट १९५५ चा. आल्फ्रेड आणि एल्मा मिलोट हे पतिपत्नी त्यासाठी सुमारे तीन वर्षे आफ्रिकेत राहिले. संगीत, विनोद, गोष्ट सांगणारा प्रेमळ आवाज आणि शेवटी सुखरूप राहिलेली पिले, हा साचा इथून पक्का झाला. याच मालिकेतल्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या १९५८ च्या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या टाकून सामूहिक आत्महत्या करताना दिसतात. ते दृश्य बनावट होते. प्राणी विकत आणून पाण्यात ढकलले होते, असे १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने उघड केले. चित्रपटाला तोपर्यंत ऑस्कर मिळून गेले होते आणि लेमिंग आत्महत्या करतात ही समजूत जगभर पसरली होती. मुलांच्या मनात एकदा बसलेले खोटे चित्र किती टिकाऊ असते, हे यावरून कळते.

दूरचित्रवाणी आल्यावर गोष्ट सांगायला सवड मिळाली. बीबीसीने १९९६ मध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात 'बिग कॅट डायरी' सुरू केली. जोनाथन स्कॉट, सायमन किंग आणि नंतर सबा डग्लस-हॅमिल्टन हे सूत्रधार आपापल्या गाडीतून सिंह, बिबट्या आणि चित्ता यांच्या एकेका कुटुंबामागे असत. आज काय घडले, कोण हरवले, कोणाला शिकार मिळाली, याची ती रोजनिशीच होती. तिच्यातली किके नावाची चित्तीण मुलांची विशेष लाडकी झाली. चित्ता मैदानात दूरवर पाहण्यासाठी वारुळावर चढतो. किकेने वारुळाऐवजी गाडीचे छप्पर वापरायला सुरुवात केली आणि ती खुशाल सूत्रधाराच्या डोक्यावर बसून हरणांचा अंदाज घ्यायची. या मालिकेची खरी ताकद तिच्या सलगपणात होती. एका वर्षी छावा म्हणून पाहिलेली सिंहीण काही वर्षांनी स्वतःचे छावे घेऊन समोर येई. प्राण्याला आयुष्य असते, बालपण आणि म्हातारपण असते, हे एका दीड तासाच्या चित्रपटातून इतके उमगत नाही.

डिस्नेच्या जुन्या साच्याला नव्या काळात आणणारा चित्रपट म्हणजे 'आफ्रिकन कॅट्स'. अ‍ॅलिस्टर फॉदरगिल आणि कीथ स्कोली यांनी तो मसाई मारातच दोन वर्षांहून अधिक काळ चित्रित केला आणि २०११ च्या वसुंधरा दिनी, २२ एप्रिलला, तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. अमेरिकेत त्याला सर्व वयोगटांसाठीचे 'जी' प्रमाणपत्र मिळाले. त्यात दोन आयांच्या गोष्टी शेजारीशेजारी चालतात. लैला ही म्हातारी होत चाललेली सिंहीण, मारा ही तिची लेक. दुसरीकडे सीता ही चित्तीण आणि तिचे पाच बछडे. लैलाच्या मागे कळप आहे, मावश्या आहेत, राखण करणारा, एक दात तुटलेला फँग हा सिंह आहे. नदीपलीकडे मात्र काली नावाचा दांडगा सिंह चार मुलग्यांसह टपून बसला आहे. सीतेपाशी फक्त पळण्याचा वेग आहे.

दिग्दर्शकांनी काय दाखवले आणि काय आवरले, हे पाहण्यासारखे आहे. सीतेचे दोन बछडे तरसांच्या तावडीत जातात. तो हल्ला अंधारात होतो. सकाळी सीता हाका मारत फिरते आणि पाचांऐवजी तीन पिले तिच्याकडे येतात, एवढ्यावरून मुलाला काय ते कळते. लैला जखमी होते, थकते आणि अखेर कळप सोडून एकटी मरायला जाते. त्याआधी ती लेकीला आपल्या बहिणीच्या हवाली केल्यासारखी दिसते. शिकारीत पाठलाग पूर्ण दिसतो, गळ्याची पकड दिसते, आणि तिथून कॅमेरा सिंहिणींच्या चेहऱ्याकडे वळतो. फाडलेले पोट दिसत नाही. ही काटछाट योग्यच म्हणावी लागेल. मृत्यू लपवलेला नाही, फक्त त्याच्या तपशिलावर कॅमेरा रेंगाळलेला नाही. ज्या मुलाने घरात आजोबांचे जाणे पाहिले आहे त्याला लैलाचे जाणे सहज समजते.

दुसरे टोक पाहायचे तर त्याच वर्षीचा 'द लास्ट लायन्स' पाहावा. डेरेक आणि बेव्हर्ली जुबेर हे जोडपे बोट्स्वानात अनेक दशके सिंहांच्या सहवासात राहिलेले. ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशातल्या डुबा बेटावर त्यांनी मा-दी-ताऊ या सिंहिणीची गोष्ट चित्रित केली. जोडीदार मेलेला, मागे शत्रूचा कळप, पुढे मगरींची नदी आणि पलीकडे हजारो रानम्हशी. एका प्रसंगात तिच्या छाव्याचा कणा मोडतो. मागचे पाय ओढत तो आईमागे सरपटत राहतो. आई वळून पाहते, थांबते, त्याला चाटते आणि मग निघून जाते. तसे पाहिले तर रक्ताचा फारसा ओघळ नाही, पण मोठ्या माणसालाही ते दृश्य झेपत नाही. अमेरिकेत या चित्रपटाला पालकांच्या मार्गदर्शनाची शिफारस असलेले 'पीजी' प्रमाणपत्र मिळाले. सिंहांच्या जगाचे चित्र म्हणून तो अधिक खरा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर तो पाहावा, पाच वर्षांच्या मुलाबरोबर पाहू नये.

कौटुंबिक चित्रपटांनी सर्वांत अधिक सांभाळून हाताळलेली गोष्ट म्हणजे सिंहांमधली शिशुहत्या. बाहेरचे नर कळप जिंकतात तेव्हा आधीच्या नरांचे लहान छावे मारून टाकतात. छावे अंगावर असेपर्यंत सिंहीण दीड-दोन वर्षे पुन्हा माजावर येत नाही आणि नव्या नराच्या हाती कळप जेमतेम तेवढाच काळ राहतो. म्हणून त्याला घाई असते. हे क्रौर्य सिंहांपुरते नाही. वानरांमध्ये असे घडते ही नोंद जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडच्या रानात केली होती. तेव्हा अनेकांनी ते वागणे विकृत मानले. पुढे अनेक जातींत तसेच आढळले तेव्हा त्यामागचे कारण स्पष्ट झाले. 'आफ्रिकन कॅट्स'मध्ये कालीपासून छाव्यांना धोका आहे एवढे कळते, पण तो का आहे हे पुरेसे उलगडत नाही. त्यामुळे काली खलनायक होतो आणि फँग नायक. खऱ्या रानात फँगनेही तरुणपणी हेच केलेले असण्याची शक्यता दाट. असे रंग भरणे हा या चित्रपटांचा सर्वांत मोठा दोष आहे. रक्त झाकले तर काही बिघडत नाही. मात्र सिंहाला दुष्ट ठरवल्याने मुलांच्या मनात चुकीचे काहीतरी पेरले जाते.

आणखी एक बाब चित्रपटांतून निसटते. सेरेंगेटीच्या मोकळ्या मैदानात झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात चित्त्याच्या वीस पिलांमागे जेमतेम एक पिलू स्वतंत्र होईपर्यंत जगले होते. बाकीची मुख्यतः सिंह आणि तरसांनी मारली. चित्त्याच्या पिलाच्या पाठीवर असलेली राखाडी केसांची झूल त्याला गवतात लपवते, तरीही हे प्रमाण. त्या हिशेबाने सीतेची पाचांपैकी तीन पिले वाढली हे मोठेच भाग्य. चित्रपटकार चित्रीकरणासाठी अनेक कुटुंबे धुंडाळतात आणि अखेर जे तरले त्याचीच गोष्ट पडद्यावर येते. जे पहिल्या महिन्यात संपले त्याचा चित्रपट होत नाही.

चित्रीकरणाचे तंत्र हा मुलांना हमखास आवडणारा भाग. ५० ते १००० मिलिमीटरपर्यंत ताणता येणारी भिंगे वापरली की अर्धा-पाऊण किलोमीटरवरून सिंहिणीच्या पापण्या टिपता येतात आणि गाडी तिच्यापासून दूर राहते. चित्त्याची धाव काही सेकंदांची असते. ती सेकंदाला शेकडो चौकटींच्या वेगाने टिपतात, म्हणून पडद्यावर ती संथ होते आणि वळताना शेपूट सुकाणूसारखी कशी फिरते ते दिसते. उष्णता ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे चंद्रसुद्धा नसलेल्या रात्री प्राणी दिसू लागला. आवाजाचे मात्र तसे नाही. इतक्या लांबून चित्र येते, पावलांचा किंवा हाड चावल्याचा आवाज येत नाही. तो बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत कापड, चामडे, गवत, भाजीचे देठ यांच्या साहाय्याने तयार केला जातो. डरकाळ्या बहुधा खऱ्या असतात, पण वेगळ्या दिवशी ध्वनिमुद्रित केलेल्या.

धीराची परिसीमा हिमबिबट्याने पाहिली. 'प्लॅनेट अर्थ' या २००६ च्या मालिकेसाठी पाकिस्तानातल्या चित्राल भागात बीबीसीच्या चमूने हिमबिबट्याची शिकार प्रथमच जवळून टिपली. मारखोर नावाच्या रानबोकडामागे ती मादी कड्यावरून अक्षरशः कोसळत धावते आणि मारखोर नदीत उडी घेऊन वाचतो. ते दृश्य मिळायला वारंवार मोहिमा काढाव्या लागल्या. दहा वर्षांनी 'प्लॅनेट अर्थ २' साठी लडाखमध्ये वेगळी पद्धत वापरली. हिमबिबटे ज्या खडकांवर वास सोडतात तिथे कॅमेरे लावून माणसे दूर निघून गेली. आपण नसताना रान कसे असते, हे दाखवणारी ती दृश्ये आहेत.

लहान मुले एक प्रश्न नेहमी विचारतात: हे खरेच घडले का? त्याचे प्रामाणिक उत्तर 'बहुतेक' असे आहे. संकलनात मंगळवारचा पाठलाग आणि पुढल्या महिन्यातली झेप एकत्र जोडली जाते. कधी एका नावाखाली दोन-तीन प्राणी मिसळले जातात. बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' मालिकेत ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिलांचे दृश्य नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात घेतलेले होते, हे कळल्यावर २०११ मध्ये ब्रिटनमध्ये बराच गदारोळ झाला. रानातल्या गुहेत शिरून ते चित्रीकरण केले असते तर आईने पिले सोडून दिली असती किंवा छायाचित्रकाराला मारले असते. म्हणजे तो मार्ग बरोबरच होता, पण प्रेक्षकाला ते पडद्यावरच सांगायला हवे होते. अलीकडच्या अनेक मालिकांच्या भागाअखेर चित्रीकरण कसे झाले ते दाखवणारी दहा मिनिटे असतात. मुलांनी तीही पाहावीत. चिखलात रुतलेली गाडी आणि आठवडाभर काहीही न दिसलेला छायाचित्रकार पाहिला की गोष्ट आणि वास्तव यांतले अंतर आपोआप ध्यानात येते.

भारतातल्या वाघाला जागतिक पडद्यावर नेणाऱ्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे बेलिंडा राइट आणि स्टॅन्ली ब्रीडन यांचा १९८५ चा 'लँड ऑफ द टायगर'. कान्हा आणि रणथंभोर इथे चित्रित झालेल्या या नॅशनल जिओग्राफिकच्या माहितीपटाला दोन एमी पुरस्कार मिळाले. १९९७ मध्ये त्याच नावाची सहा भागांची मालिका बीबीसीने काढली आणि तिच्यात वाल्मीक थापर यांनी भारतीय उपखंडाचे निसर्गजीवन उलगडून दाखवले. त्यानंतर सुब्बय्या नल्लामुथू यांनी रणथंभोरच्या मछली या वाघिणीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तळ्याकाठी मगरीशी झुंजणारी, दात गेल्यावरही शिकार करणारी ही वाघीण १८ ऑगस्ट २०१६ रोजी वार्धक्याने मेली. नल्लामुथू यांच्या तिच्यावरील चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. डिस्नेचा 'टायगर' हा २०२४ चा चित्रपट पूर्णपणे भारतात चित्रित झाला असून अंबर ही वाघीण आणि तिचे बछडे यांची ती गोष्ट प्रियांका चोप्रा सांगतात. भारतात अभयारण्यात चित्रीकरणाला वन खात्याची परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रीकरणासाठी प्राण्यांच्या अधिवासात कोणताही बदल करता येत नाही.

या बहुतेक चित्रपटांत माणूस दिसत नाही, आणि ही त्यांची मोठी उणीव आहे. मसाई मारातला मार्श प्राइड हा कळप 'बिग कॅट डायरी'मुळे जगभर माहीत झाला. डिसेंबर २०१५ मध्ये त्या कळपाने गुरे मारली म्हणून गुराख्यांनी मेलेल्या जनावरात विष कालवले आणि मालिकेतून घरोघरी पोचलेली बीबी ही सिंहीण त्यात मेली. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या आवाजातल्या 'डायनॅस्टीज' या २०१८ च्या मालिकेने याच कळपावर एक भाग केला आणि त्यात विषबाधेचा प्रसंग वगळला नाही. गुराख्याची बाजूही तितकीच खरी आहे. ज्याची दोन गाई हीच पुंजी, त्याला सिंह सुंदर दिसणे कठीण. दहा वर्षांच्या मुलाला दोन्ही बाजू समजतात. सांगणारा मात्र हवा.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तर हा भाग सर्वांत जवळचा आहे. 'प्लॅनेट अर्थ २' मधल्या शहरांवरच्या भागात मुंबईचे बिबटे आहेत. छायाचित्रकार गॉर्डन ब्यूकॅनन यांनी उष्णतामापक कॅमेऱ्याने ते रात्री टिपले. मागे इमारतींचे दिवे, पुढे डुकरांचा कळप आणि मधून पांढुरक्या आकृतीसारखा सरकणारा बिबट्या. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या कडेने पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. त्याच परिसरातले वारली लोक वाघोबाला देव मानतात आणि वाघबारशीला त्याची पूजा करतात. शेजाऱ्याला मान द्यायचा आणि त्याच्या वाटेत जायचे नाही, असे हे जुने शहाणपण आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात, म्हणजे उसाच्या आणि मक्याच्या शेतांत, संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १०० चौरस किलोमीटरमागे पाचच्या जवळपास बिबटे आढळले. त्याच जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या 'आजोबा' या बिबट्याच्या गळ्यात २००९ मध्ये पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले, तेव्हा तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या उद्यानापर्यंत पोचला. पुढे वाहनाच्या धडकेत तो मेला. २०१४ चा 'आजोबा' हा सुजय डहाके यांचा मराठी चित्रपट याच घटनेवर बेतलेला आहे. जुन्नर-अकोल्याच्या मुलाने आफ्रिकेतले सिंह जरूर पाहावेत, पण संध्याकाळी उसाच्या कडेने एकटे जायचे नाही आणि पिले दिसली तर हात लावायचा नाही, हे कोणताही परदेशी माहितीपट त्याला शिकवत नाही. ते घरातल्यांनीच सांगायला हवे.

मुलांसाठी निवड करताना प्रमाणपत्र पाहावे. ऑनलाइन मंचांवर २०२१ च्या नियमांनुसार 'यू', 'यू/ए ७+', 'यू/ए १३+' असे वर्गीकरण दिलेले असते. पण तेवढ्याने भागत नाही. पालकांनी पहिला अर्धा तास आधी स्वतः पाहिलेला बरा. माणसाने मांडीवर घेतलेले वाघाचे पिलू, बाटलीने दूध पिणारा छावा, पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या करामती असे काही असेल तर ते बाजूला ठेवावे. अशा चित्रफितींमागे अनेकदा आईपासून तोडलेली पिले असतात. शिकारीचे दृश्य आले म्हणून लगेच पडदा बंद करू नये. हरिण मेले म्हणून मूल रडले तर रडू द्यावे, आणि वाघीण उपाशी राहिली तर बछड्यांचे काय होईल हेही त्याला विचारावे.

पहिलाच माहितीपट दाखवायचा असेल तर 'टायगर: स्पाय इन द जंगल' ही २००८ ची तीन भागांची मालिका सर्वांत योग्य. जॉन डाउनर यांनी ती मध्य प्रदेशातल्या पेंचमध्ये चित्रित केली. पेंच नदीच्या नावाचे हे जंगल नागपूर जिल्ह्यातही पसरलेले आहे. वनातल्या पाळीव हत्तींना सोंडेत कॅमेरा धरायला शिकवले होते. हत्ती जवळ आला तरी वाघ बिचकत नाही, म्हणून चार बछडे डोळे उघडल्यापासून मोठे होईपर्यंत इतक्या जवळून दिसले. त्यात शिकार आहे, भूक आहे, पण कोणीही खलनायक नाही. त्या चार बछड्यांतल्या एका मादीच्या गळ्यात मार्च २००८ मध्ये पट्टा बांधला गेला आणि ती 'कॉलरवाली' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे तिने आठ वितींत २९ बछड्यांना जन्म दिला आणि त्यांतले २५ जगले. १५ जानेवारी २०२२ रोजी, सोळा वर्षांची झाल्यावर, ती पेंचच्याच रानात मेली.